कॅस्पेज-३ चे प्रतिपिंड: पेशी मरताना दिसतात, पण १७ किलोडाल्टनला पट्टा येत नाही

तिवरपान (ताळगाव)

सर्वांना नमस्कार. गेले तीन महिने एकाच प्रश्नापाशी मी अडून बसले आहे. आमच्या प्रयोगशाळेत वेस्टर्न ब्लॉट (जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रथिने मेंब्रेनवर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) नित्य करणारे दुसरे कोणी नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडते.

मांडवीकाठच्या खाजन (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनीच्या) बांधांवर वाढणाऱ्या तिवराच्या पानांचा अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम करतो, हा माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. पाने वनखात्याची परवानगी घेऊन गोळा केली आणि अर्क मिथेनॉलमध्ये काढला. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मात्रेत २४ तासांनी एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची पद्धत) निम्म्याच्या आसपास पेशी जिवंत उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पुष्कळ पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या आणि माध्यमात तरंगताना दिसतात. हा मृत्यू अ‍ॅपॉप्टोसिसचा, म्हणजे पेशीने स्वतःच्या यंत्रणेने घडवून आणलेला आहे, हे दाखवण्यासाठी आम्ही कापलेल्या कॅस्पेज-३ चे, म्हणजे अशा मृत्यूत स्वतः कापले जाऊन इतर प्रथिने कापू लागणाऱ्या विकराचे, प्रतिपिंड (नेमके तेच प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन) मागवले. ते सशामध्ये तयार केलेले पॉलिक्लोनल (अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेले) प्रतिपिंड असून माहितीपत्रकाप्रमाणे १७५ व्या स्थानावरील अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी कापला गेलेला मोठा तुकडाच ओळखते, त्यामुळे १७ आणि १९ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वस्तुमानाचे एकक) जागी पट्टे दिसायला हवेत.

आतापर्यंत पाच वेळा ब्लॉट केला आणि पाचही वेळा त्या जागी काहीच आले नाही. ३५ किलोडाल्टनच्या आसपास मात्र एक फिकट पट्टा दर वेळी येतो, आणि तो अर्क दिलेल्या व न दिलेल्या अशा दोन्ही नमुन्यांत सारखाच असतो. तो न कापलेला मूळ कॅस्पेज-३ असावा असे मी धरून चालले आहे. बीटा अ‍ॅक्टिनचा पट्टा ठसठशीत येतो; हे प्रथिन सर्व पेशींत असते, म्हणून ते तुलनेसाठी पाहतात.

पद्धत थोडक्यात अशी आहे. १२ टक्क्यांचे जेल, प्रत्येक खाचेत ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, ०.४५ मायक्रॉन छिद्रांचे पीव्हीडीएफ मेंब्रेन, १०० व्होल्टवर दीड तास ट्रान्सफर, ५ टक्के दुधात ब्लॉकिंग, आणि प्रतिपिंड एकास हजार या प्रमाणात रात्रभर ४ अंशांवर.

माझा संशय बाटलीवर आहे. ती ऐन पावसात आली, पार्सल दोन दिवस वाटेत रखडले आणि उघडले तेव्हा बर्फाच्या पिशव्या वितळून कोमट झाल्या होत्या. पुढे एकदा रात्री वीज गेली आणि फ्रीजर काही तास बंद राहिला. आमच्या लहानशा अनुदानातला मोठा वाटा या एका बाटलीवर खर्च झाला आहे, त्यामुळे मार्गदर्शक बाईंकडे दुसरी मागताना जीव संकोचतो. बाटली खरोखर बिघडली आहे का, हे मी कसे ठरवावे?

अंत्रुजकर

आपण आकडे दिलेत म्हणून नेमके उत्तर देता येते. नुसते ‘पट्टा येत नाही’ एवढेच लिहिले असते तर आम्ही सगळेच अंधारात चाचपडत बसलो असतो.

बाटलीची काळजी तूर्त बाजूला ठेवावी. अशी प्रतिपिंडे बहुधा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये देतात, आणि ते मिश्रण उणे २० अंशांना गोठत नाही. बाटली फ्रीजरमधून काढून हलकेच कलती करून पाहा. आतला द्राव सावकाश सरकताना दिसला तर तो गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांतून गेलेला नाही, आणि प्रतिपिंडाला सर्वांत जास्त इजा त्या फेऱ्यांनीच होते. दोन दिवस कोमट राहिल्याने चांगले प्रतिपिंड सहसा मरत नाही. आपला फ्रीजर आपोआप बर्फ वितळवणारा असेल, तर मात्र बाटली तिथून हलवावी, कारण त्याच्या आतले तापमान दिवसातून अनेकदा वर-खाली होते.

मला खरी अडचण मेंब्रेनमध्ये दिसते. १७ किलोडाल्टनचे प्रथिन इतके लहान असते की ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांतून दीड तासात ते आरपार निघून जाऊ शकते, आणि ४२ किलोडाल्टनचे अ‍ॅक्टिन त्याच मेंब्रेनवर व्यवस्थित अडकते, म्हणून सगळे ठीक चालले आहे असा भास होतो. ०.२ मायक्रॉनचे मेंब्रेन घ्या, जेल १५ टक्क्यांचे करा, ट्रान्सफरच्या द्रावणात २० टक्के मिथेनॉल ठेवा आणि वेळ एका तासावर आणा. शंका फिटवायची असेल तर एकामागे एक अशी दोन मेंब्रेने लावा. ट्रान्सफर झाल्यावर दोन्ही पोन्सो-एसमध्ये (प्रथिनांना गुलाबी रंग देणाऱ्या द्रावणात) बुडवा. मागच्या मेंब्रेनवर खालच्या बाजूला गुलाबी छटा उमटली, तर लहान प्रथिने पहिल्यातून निसटत आहेत हे डोळ्यांना दिसेल.

आणखी एक गोष्ट विचारतो. पेशी गोळा करताना फ्लास्कमधले माध्यम आपण काय करता? बहुतेक विद्यार्थी सवयीने फ्लास्क तिरपा करतात, गुलाबी माध्यम टाकाऊ बाटलीत ओततात, तळाला चिकटलेल्या पेशी धुतात आणि मग त्यांवर लायसिसचे (पेशी फोडणारे) द्रावण घालतात. अ‍ॅपॉप्टोसिसने मरणारी पेशी तळ सोडते. म्हणजे ज्या पेशींत कापलेला कॅस्पेज-३ भरपूर सापडला असता, त्याच ओतून दिल्या जातात आणि जेलवर चढतात त्या तगून राहिलेल्या. ते माध्यम सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गोळा चिकटलेल्या पेशींत मिसळायलाच हवा.

बार्देसकर

मला हे सगळे फार लांबचे वळण वाटते. बर्फ वितळलेल्या स्थितीत पार्सल आले असेल, तर विक्रेत्याला बॅच क्रमांकासह लेखी कळवावे आणि बाटली बदलून मागावी. पॉलिक्लोनल प्रतिपिंडांत एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंत फरक पडतोच, कारण ससा बदलला की रक्तजलातले मिश्रण बदलते. पाच ब्लॉट वाया गेल्यावर सहाव्यांदा मेंब्रेन बदलत बसण्यात अर्थ नाही.

साष्टीकर

बॅचमधल्या फरकाविषयी बार्देसकर म्हणतात ते खरे आहे, परंतु तक्रार करण्यापूर्वी बाटली दोषी असल्याचा पुरावा हाताशी हवा आणि तो अजून नाही. या पाचही ब्लॉटमध्ये हमखास पट्टा देणारा नमुना एकदाही नव्हता. तो नसताना रिकामी जागा पाहून प्रतिपिंड बिघडले, प्रथिन निसटले की मुळात प्रथिन नव्हतेच, यांतले काहीही ठरवता येत नाही. हेला किंवा जर्कट या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या दुसऱ्या मानवी पेशींना १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस घडवणारे द्रव्य, चार ते सहा तास द्या आणि तो नमुना त्याच जेलवर चढवा.

दुसरे, ३५ च्या पट्ट्याविषयी आपण जे धरून चालला आहात ते या प्रतिपिंडाच्या बाबतीत लागू पडत नाही. कॅस्पेज-३ ची अखंड साखळी २७७ अमिनो आम्लांची असते. १७५ व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर काप गेला की मोठा आणि लहान असे दोन तुकडे होतात, आणि मोठ्या तुकड्याला तिथे एक नवे टोक मिळते. अखंड साखळीत ते टोक अस्तित्वातच नसते, कारण त्या जागी साखळी सलग पुढे जाते. आपले प्रतिपिंड त्या नव्या टोकासाठी घडवलेले आहे. १९ किलोडाल्टनचा पट्टा आरंभीचा छोटा भाग अजून जोडलेल्या तुकड्याचा असतो आणि १७ चा पट्टा तो भाग गळून पडल्यानंतरचा. अखंड कॅस्पेज-३ पाहायचा असेल तर त्याचे प्रतिपिंड वेगळे असते. तेव्हा आपल्या ब्लॉटवरचा ३५ चा पट्टा दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

आता एक प्रश्न. आपण ‘स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी’ एवढेच लिहिले आहे. नेमक्या कोणत्या?

तिवरपान

तिघांचेही मनापासून आभार. अंत्रुजकर सरांनी माध्यमाविषयी जे लिहिले ते वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण मी पाचही वेळा माध्यम ओतून दिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या तरंगत्या पेशींची छायाचित्रे मी काढून ठेवली आहेत, त्यांतली एकही जेलवर कधी चढली नाही.

साष्टीकर सर, पेशी एमसीएफ-७ आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून आणल्या आहेत आणि त्यांची ओळख पटवलेली आहे.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. पट्टा येत नाही म्हणून मी मध्यंतरी डीएनएची शिडी तपासली होती, म्हणजे अशा मृत्यूत डीएनए ठरावीक लांबीच्या तुकड्यांत तुटतो का ते पाहिले होते. अ‍ॅगॅरोज जेलवर १८० ते २०० बेस जोड्यांच्या पटीतल्या पायऱ्या दिसतील अशी अपेक्षा होती, पण डीएनए वरच अखंड राहिला. तेव्हा मला वाटले की माझ्या हातून डीएनए नीट निघाला नसेल.

साष्टीकर

आपल्या हातून काहीही बिघडलेले नाही. एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेज-३ नसतोच.

हे सविस्तर सांगायला हवे, कारण एमसीएफ-७ जगभर वापरल्या जातात आणि ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे महिने असेच जातात. या पेशी मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका ६९ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या द्रवातून वाढवल्या गेल्या आणि १९७३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे १९९८ साली असे दाखवून दिले गेले की त्यांच्या कॅस्पेज-३ च्या जनुकातील तिसऱ्या एक्सॉनमधून (प्रथिनाचा आराखडा असलेल्या जनुकाच्या तुकड्यातून) ४७ बेस जोड्या गळालेल्या आहेत. त्यामुळे संदेशवाहक आरएनए जुळवताना तो एक्सॉनच वगळला जातो, पुढचे वाचन सरकते आणि लवकरच थांबण्याची खूण येते. प्रथिनाची साखळी सुरू होता होताच तुटते. जिथे साखळीच तयार होत नाही, तिथे १७५ वे अ‍ॅस्पार्टिक आम्ल कुठून येणार आणि त्यापाशी काप कसा जाणार?

डीएनएची शिडी न दिसण्याचे कारणही हेच आहे. डीएनए ठरावीक अंतरावर कापणारे विकर एरवी एका रोधक प्रथिनाशी बांधलेले असते. कॅस्पेज-३ त्या रोधकाचे तुकडे करतो, तेव्हा ते विकर मोकळे होते. एमसीएफ-७ मध्ये ही गाठ सोडणाराच नसल्यामुळे स्टॉरोस्पोरिन दिले तरी पेशी मरतात, पण शिडी उमटत नाही. १९९८ च्या त्या कामात नेमके हेच दिसले होते, आणि कॅस्पेज-३ चे जनुक बाहेरून घातल्यावर त्याच पेशींत डीएनए तुटू लागला. म्हणजे आपण दोन स्वतंत्र प्रयोग केले आणि दोन्हींनी एकच खरे उत्तर दिले. मला याचे फार कौतुक वाटते, कारण नको असलेला निकालही आपण नोंदवून ठेवलात.

यातून बाटलीविषयीही थोडे कळते. प्रतिपिंड विश्वासार्ह आहे का हे तपासण्याची सर्वांत कठोर पद्धत म्हणजे ज्या पेशीत ते प्रथिनच नाही अशा पेशीवर ते लावून पाहणे. एरवी लोक त्यासाठी जनुक मुद्दाम काढून टाकलेल्या पेशी विकत घेतात. आपल्या फ्लास्कमध्ये त्या आधीपासूनच वाढत आहेत. तिथे १७ ते १९ ची जागा रिकामी राहिली, हे प्रतिपिंडाच्या बाजूचेच लक्षण आहे. अर्धी परीक्षा बाकी आहे. हेलाच्या नमुन्यात त्याच मेंब्रेनवर पट्टा आला की तीही पुरी होईल. ३५ च्या पट्ट्यासाठी मेंब्रेनची एक पट्टी कापून तिला पहिले प्रतिपिंड न लावता फक्त दुसरे (पहिल्याला चिकटून पट्टा दृश्य करणारे) लावा. तिथेही पट्टा आला तर त्याचा उगम कळेल.

अंत्रुजकर

मी मेंब्रेनवर इतके लिहिले आणि पेशीचे नाव विचारायचे राहून गेले. साष्टीकरांनी ते विचारले हे फार बरे झाले. मेंब्रेन व तरंगत्या पेशींविषयी लिहिलेले मी मागे घेत नाही, कारण हेलाचा नमुना चढवताना त्या दोन्ही गोष्टी लागणारच आहेत.

पुढच्या कामासाठी सुचवतो. कॅस्पेज-३ नसला तरी एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-७ आहे, आणि तो पुष्कळशी तीच कामे करतो. त्याची मूळ साखळी सुमारे ३५ किलोडाल्टनची असते आणि काप गेल्यावर मोठा तुकडा २० च्या जागी दिसतो. त्याहून सोपी तपासणी पार्प-१ ची आहे. हे ११६ किलोडाल्टनचे प्रथिन कॅस्पेजांनी कापले की ८९ चा तुकडा उरतो. एमसीएफ-७ मध्ये हे काम कॅस्पेज-७ करू शकतो, म्हणून ८९ चा पट्टा आला तर कॅस्पेज जागे झाले असे म्हणता येते, मात्र त्यावरून कॅस्पेज-३ चे नाव घेता येत नाही. मोठी प्रथिने १५ टक्क्यांच्या जेलमध्ये वरच अडकून राहतात, तेव्हा पार्पसाठी ८ टक्क्यांचे वेगळे जेल ओता.

एक प्रयोग मात्र वगळू नका. अर्क देण्यापूर्वी एक तास काही फ्लास्कमध्ये झेड-व्हॅड-एफएमके २० मायक्रोमोलर घाला. हा सर्व कॅस्पेजांना रोखणारा पदार्थ आहे. तो असताना पेशी वाचल्या तर मृत्यू कॅस्पेजांच्या हातून होत होता. तरीही तितक्याच मेल्या तर मार्ग वेगळा आहे, आणि तेही तितक्याच मोलाचे उत्तर आहे. वनस्पतींच्या अर्कांतली पॉलिफिनॉले पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलू शकतात, म्हणून ती मोजणी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच रंग देणाऱ्या द्रव्याने) पडताळून पाहावी. तिवराच्या पानांत अशी द्रव्ये भरपूर असतात.

बार्देसकर

मी बाटली बदलून घेण्याचा सल्ला घाईने दिला. नवी बाटली आली असती तरी सहावा ब्लॉट तसाच रिकामा गेला असता आणि दोष पुन्हा बॅचवरच ढकलला गेला असता. पेशी बदलण्याचा विचार असेल, तर एमडीए-एमबी-२३१ याही स्तनाच्या कर्करोगाच्याच पेशी आहेत आणि त्यांत कॅस्पेज-३ शाबूत आहे. प्रबंधाचा विषय न बदलता आपल्या बाटलीचा उपयोग तिथे करता येईल.

तिवरपान

चवथीच्या सुट्टीमुळे उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. सुट्टीपूर्वी आणि नंतर मिळून दोन ब्लॉट झाले आहेत. जे दिसले ते येथे नोंदवते.

हेला पेशी शेजारच्या विभागाने दिल्या. त्यांना स्टॉरोस्पोरिन पाच तास दिले, माध्यमासकट सगळ्या पेशी गोळा केल्या, १५ टक्क्यांचे जेल आणि ०.२ मायक्रॉनचे मेंब्रेन वापरले. हेलाच्या त्या खाचेत १७ च्या जागी गडद आणि १९ च्या जागी त्याहून फिकट असे दोन पट्टे आले, आणि स्टॉरोस्पोरिन न दिलेल्या हेलाच्या खाचेत ती जागा स्वच्छ राहिली. शेजारच्या एमसीएफ-७ च्या चारही खाचा तेथे रिकाम्या होत्या. ज्या बाटलीवर मी तीन महिने संशय घेतला ती उत्तम काम करत आहे. फ्रीजर मात्र आपोआप बर्फ वितळवणाराच निघाला, म्हणून ती आता दुसरीकडे ठेवली आहे.

३५ चा पट्टा पहिले प्रतिपिंड न लावलेल्या पट्टीवरही तसाच आला. म्हणजे तो दुसऱ्या प्रतिपिंडाचा आहे. ते प्रमाण एकास दोन हजारावरून एकास दहा हजारावर नेल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला.

पार्पचे प्रतिपिंड एका मैत्रिणीने उसने दिले. तरंगत्या पेशी मिसळलेल्या एमसीएफ-७ च्या नमुन्यात ८९ चा पट्टा स्पष्ट आहे. त्याच फ्लास्कच्या केवळ चिकटलेल्या पेशी वेगळ्या चढवल्या होत्या, तिथे तो पुसट, शोधूनच दिसावा इतका आहे. या दोन खाचांचे छायाचित्र मी प्रबंधाच्या परिशिष्टात ठेवणार आहे, कारण पद्धतीच्या प्रकरणात कितीही लिहिले तरी तो फरक इतका नेमका सांगता येणार नाही. झेड-व्हॅडचा प्रयोग एकदाच झाला आहे. ट्रिपॅन ब्लूच्या मोजणीत त्या फ्लास्कमध्ये जिवंत पेशी जास्त आढळल्या, पण सगळ्या वाचल्या नाहीत. तो आणखी दोनदा करीन आणि मगच त्यावर काही लिहीन.

बाईंना सारे दाखवले. प्रबंधाच्या मसुद्यात ‘कॅस्पेज-३ मार्फत’ असे तीन ठिकाणी आधीच लिहून ठेवले होते. ते आम्ही दोघींनी बसून खोडले. एमडीए-एमबी-२३१ ची मागणी पुण्याला पाठवली आहे, आणि द्रवनायट्रोजनच्या टाकीतील एमसीएफ-७ च्या डब्यावर मी आज ‘कॅस्पेज-३ नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली.